एखाद्याचा सदरा

नानांना चहा हवा असला की ते म्हणायचे, "एखाद्याला आता चहा लागतो." तहान लागली की एखाद्याच्या घशाला कोरड पडायची. आणि ताप भरला की गाळ्याचं शटर अर्धं ओढून, पायरीवर बसून, माझ्याकडं न बघता सांगायचे की एखाद्याचं अंग लई मोडून आलंय. नवीन माणूस असला तर इकडंतिकडं बघायचा. कोण बिचारा आजारी पडलाय, त्याला दवाखान्यात नेलं की नाही, अशी चौकशी करायचा. तो बिचारा त्याच्या समोरच बसलेला असायचा.

'मी' हा शब्द नानांच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता. मला नाही, माझं नाही, माझ्याकडं नाही. आणि माझं नेमकं उलटं. माझं प्रत्येक वाक्य 'मी'पासून सुरू होतं असं आमचे हे लग्न झाल्यापासून सांगत आलेत. होतं तर होतं. मी दुकान काढलं, मी मशीन घेतलं, मी ते चालवलं, मग दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ? अशा दोन माणसांना शेजारी शेजारी गाळे मिळावेत, म्हणजे देवालाही कधीकधी गंमत करावीशी वाटत असणार.

ओतूरला स्टँडच्या मागं पत्र्याच्या गाळ्यांची ओळ होती. एकात माझं शिवणकाम, म्हणजे ब्लाउज, परकर, पोरींचे फ्रॉक. शेजारच्यात नाना जळालेल्या मोटारी भरून द्यायचे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती पोत्यात गुंडाळून गाडीवर घालून आणायचा. नाना ती उघडायचे, जळकी तार काढून टाकायचे आणि नवी तांब्याची तार भरायचे. त्यांच्याकडून वार्निशचा वास माझ्याकडं यायचा आणि माझ्या मशीनचा खडखडाट त्यांच्याकडं जायचा. आमचे हे एसटीत ड्रायव्हर. आज मुक्काम इथं, उद्या तिथं. त्यामुळं दिवसभर बोलायला मला नाना, आणि ऐकायला नानांना मी.

एकदा त्यांचं पोट फार दुखायला लागलं. बाजारात एक नवीन तरुण डॉक्टर आला होता, त्याच्याकडं मी त्यांना पाठवलं. थोड्या वेळानं नाना हात हलवत परत. औषध नाही, गोळी नाही. विचारलं तर म्हणाले, डॉक्टर चांगला हाय, पण पेशंटला घेऊन या म्हणतो. मग माझ्या लक्षात आलं. नानांनी तिथं जाऊन सांगितलं असणार, एखाद्याच्या पोटात कळ येती, एखाद्याला रातभर झोप न्हाई. डॉक्टर तरी काय करणार? मी हातातला ब्लाउज टाकला, नानांना दंडाला धरलं, रस्ता ओलांडला आणि डॉक्टरपुढं उभं केलं. म्हटलं, "हा घ्या तो एखादा." डॉक्टर हसला, पण नाना हसले नाहीत. ते भिंतीवरचं आतड्यांचं चित्र बघत बसले.

त्यांचं लग्न राहिलं तेसुद्धा याच खोडीपायी. हे मला त्यांच्या चुलतभावानं सांगितलं, आणि त्याच्याइतकी खात्रीची बातमी दुसऱ्या कुणाकडं असणं शक्य नाही. दोघं मिळून जुन्नरच्या बाजूला मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, मुलगी आत गेली. मुलीच्या बापानं विचारलं, काय पावणं, पसंत हाय का? नानांचे कान लाल झाले होते म्हणे. ते म्हणाले, "एखाद्याला पसंत पडंल अशीच हाय." मुलीच्या बापाला वाटलं, हा सोबत आलेल्या भावासाठी शब्द टाकतोय. त्यानं भावाकडं बघितलं. भावाला मुलगी आवडलीच होती, तो सरळ हो म्हणाला. बैठकीत सुपारी फुटली आणि परत येताना नाना मोटारसायकलवर मागं बसून आले. पुढं जन्मभर त्याच वहिनीच्या हातची भाकरी खाल्ली. कधी भाजीत मीठ कमी पडलं तर म्हणायचे, एखाद्याला मीठ थोडं जास्ती लागतं.

हे ऐकल्यावर मी ठरवलं. या माणसाच्या तोंडून एकदा तरी 'मी' वदवून घ्यायचंच. मी एकदा ठरवलं की ठरवलं. सगळ्यांत आधी चहा बंद केला. सरळ सांगितलं, नाना, 'मला चहा द्या' म्हणा, मग आधण ठेवते. नाना पायरीवर बसले. स्टोव्हकडं बघितलं. म्हणाले, एखाद्याला काय, पाणीबी चालतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठवडा गेला. माणूस वाळायला लागला, पण अक्षर काढलं नाही. शेवटी माझ्या मनीनं, म्हणजे माझ्या लेकीनं, माझी पाठ वळलेली बघून आपल्या वाटणीचा कप त्यांना नेऊन दिला. चार वर्षांची होती. वर मलाच येऊन सांगते, एखादामामाला दिला.

एखादामामा हे नाव तिनंच पाडलं. मी ते मनावर घेतलं नाही. पोरं काय, एसटीच्या कंडक्टरलाही मामा म्हणतात आणि फुगेवाल्यालाही.

पण खरं सांगायचं तर तिचं सगळं त्याच माणसाच्या अंगाखांद्यावर झालं. शाळेत सोडायला नानांची सायकल. पावसाळ्यात डोक्यावर त्यांचंच प्लॅस्टिकचं पोतं. दहावीला तिचा नंबर जुन्नरला आला होता. गणिताच्या पेपरला सकाळची गाडी आलीच नाही. हे मुक्कामाला लांब, मी स्टँडवर येरझाऱ्या घालतेय, पोरगी रडवेली झालेली. तेवढ्यात नाना आपली फटफटी घेऊन उभे. म्हणाले, एखाद्याचं आज जुन्नरला काम निघालंय. काम कसलं? शाळेच्या फाटकासमोर उन्हात बसायचं, पेपर सुटेपर्यंत. तिकडं गाळ्यापुढं मोटारी घेऊन आलेले लोक माझं डोकं खात होते. आणि उरलेल्या सगळ्या पेपरांना यांचं जुन्नरला काम निघत राहिलं.

आणखी एक गोष्ट होती, तिच्याबद्दल आम्ही दोघंही बोलत नव्हतो. भाऊबीजेच्या दिवशी सकाळी आमच्या ओळीतले सगळे गाळे बंद असायचे. कुणी बहिणीकडं गेलेलं, कुणाकडं भाऊ आलेले. दोनच शटर वर असायची, माझं आणि नानांचं. नानांना बहीण नव्हती. सख्खं असं कुणीच नव्हतं, आईबाप लहानपणीच गेलेले. मला एक भाऊ होता, बाळू. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी तापानं गेला. ते मी कुणाला सांगत बसत नाही. कुणी विचारलं, आज दुकान कसं उघडं, तर मी म्हणायची, मला कामं आहेत, मला कुठं वेळ आहे. ते शेजारी तार भरत राहायचे आणि मी मशीन जोरात चालवायची.

एका दुपारी लोडशेडिंगमुळं दोन्ही गाळ्यांत काम बंद पडलं होतं. पायरीवर बसल्या बसल्या मी वैतागून विचारलं, नाना, नुसतं 'मी' म्हणायला तुमचं जातं काय हो? नानांनी तारेचं रीळ हातात फिरवून बघितलं. मग सांगायला लागले. चुलत्याच्या घरात वाढले. पंगतीला पोरांची ही रांग. भाकरी मागितली की चुलती म्हणायची, तुझं झालं ना आत्ताच. चुलती वाईट नव्हती, पोरं जास्त होती, हेही त्यांनी लगेच सांगितलं. मग ते ताटाकडं बघत म्हणायला लागले, एखाद्याला अजून अर्धी लागंल. कधी मिळायची, कधी नाही.

"आपलं म्हणून मागितलं आन न्हाई म्हनले, तर लई लागतं, ताई," नाना म्हणाले. "एखाद्याला न्हाई म्हनले तर त्या एखाद्याला लागंल. आपण आपलं बाजूला."

मी म्हटलं, आणि मिळालं तर? तेही त्या एखाद्यालाच मिळतं ना? तुम्ही तिथंही बाजूलाच. नाना हसले. व्हय, त्ये बी खरं हाय म्हणाले. तेवढ्यात लाइट आली आणि ते उठून कामाला लागले.

मनी शिकली, जुन्नरला कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवायला लागली, आणि आळेफाट्याकडचं स्थळ सांगून आलं. मुलगा चांगला, माणसं चांगली. सगळं जमलं. आमच्याकडं लग्नात नवरीला मामा मांडवात घेऊन येतो आणि मंगलाष्टका होईस्तोवर तिच्या मागं उभा राहतो. नवऱ्यामागं त्याचा मामा, नवरीमागं तिचा. मामा नसला तर मामाच्या जागी कोण, याची चर्चा आधी बायकांत होते आणि मग जेवणाच्या पंगतीत होते.

लग्न ठरल्याच्या दुसऱ्याच दिवशी नाना मंचरहून पांढरं कापड घेऊन आले. माझ्या टेबलावर ठेवलं आणि दोऱ्याच्या डब्याकडं बघत म्हणाले, "एखाद्याचा सदरा शिवायचाय. नवरीच्या मागं उभं ऱ्हायाचं म्हणलं, तर एखाद्याला धड कापड नको का?"

मला काय कळलं नाही असं नाही. लगेच कळलं. हो म्हणावं, कुंकू लावावं, असंच वाटलं. पण माझा स्वभाव आड आला. म्हटलं, इतकी वर्षं थांबले, आता ही संधी नाही सोडायची. लेकीचा मामा व्हायचं तर तोंडानं सांगायला पाहिजे. मी विचारलं, शिवते की, पण उभं कोण राहणार त्याचं नाव सांगा. नाना म्हणाले, असंल कुणीतरी. मी म्हटलं, मग त्या कुणीतरीला मापाला पाठवा. यावर नानांनी दोन्ही हात वर केले आणि माझ्यापुढं गप उभे राहिले. मी छातीचं माप घेतलं, बाहीचं घेतलं, गळ्याचं घेतलं.

रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, अगं, झालं तर मग, नानाच मामा. मी म्हटलं, अजिबात नाही. हे म्हणाले, तुम्ही दोघं सारखेच हट्टी, आणि कूस बदलून झोपले.

सुपारीला मुलाकडच्यांनी विचारलं, मुलीचे मामा कोण? नाना चहाचा ट्रे घेऊन दारातच उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं. चांगलं टक लावून बघितलं. नाना कपांकडं बघत होते. मग मीही ठासून सांगितलं, आहे ना, घोडेगावला माझा चुलतभाऊ आहे, विलास. नाना म्हणाले, बेस झालं, आणि सगळ्यांना चहा वाटला. एक थेंब सांडला नाही.

या विलासला मी बाळूच्या दहाव्यानंतर पाहिलेलं नव्हतं. एसटी बदलत मी आणि हे घोडेगावला आमंत्रण द्यायला गेलो. मामाचा मान म्हणून त्यानं सफारीचं कापड मागितलं, बायकोला साडी मागितली, आणि फेटा आधी मला बांधायचा हे बजावलं. मी सगळं कबूल केलं. परत येऊन मी रोज नानांना संधी देत होते. मुद्दाम म्हणायची, विलास ऐनवेळी आला नाही तर कसं हो? नाना म्हणायचे, येईल की, एखाद्यानं एवढं घरी जाऊन बोलावल्यावर माणूस येतो. सदरा मी शिवून ठेवला. काजं हातानं केली, बटणं दोनदा लावली. नानांनी तो नेला, आणि लग्नात लाइटचा भरवसा नाही म्हणून जनरेटरवर आपण बसतो असं ह्यांना सांगितलं. म्हणजे, एखाद्याला बसावं लागंल, असं सांगितलं.

लग्नाच्या दिवशी लाइट सकाळीच गेली. मांडवामागं जनरेटर धडधडत होता आणि त्याच्याशेजारी खोक्यावर नाना, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. माइकवर एक गृहस्थ आजी सरपंच, माजी सरपंच आणि भावी सरपंच यांचं स्वागत करत होते. फेटे बांधणारा आला. त्यानं नवऱ्याच्या मामाला गुलाबी फेटा बांधला, तिथं गुलाबी कापड संपलं, म्हणून आमच्या विलासला भगवा बांधायला घेतला. झालं. विलास उठला. म्हणाला, आमचा मान न्हाई ठेवला. ह्यांनी हातापाया पडून बघितलं, मी स्वतःच्या खांद्यावरची शाल द्यायला निघाले. पण तो बायकोला गाडीवर बसवून सफारीसकट घोडेगावच्या रस्त्याला लागला.

आणि माइकवरून पुकारा झाला, मुहूर्ताची वेळ झालेली आहे, नवरीच्या मामांनी नवरीला मांडवात घेऊन यावे.

मनी खोलीत मुंडावळ्या बांधून बसलेली. ती नुसती माझ्याकडं बघत होती. दुसऱ्यांदा पुकारा झाला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मी पैठणीचा पदर खोचला आणि मांडवाच्या मागं निघाले. जाताना मनाशी ठरवलं, सरळ हुकूम सोडायचा: नाना, चला, उभे राहा. हट्ट गेला खड्ड्यात. मी आयुष्यभर सगळ्यांना हुकूमच सोडत आले, त्यात काय एवढं?

नानांपुढं जाऊन उभी राहिले आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. विलास गेला हे त्यांना माहीत नव्हतं. ते उठून उभे राहिले. त्यांच्या कानाजवळ जाऊन मी एवढंच म्हणाले, "नाना, एखादीला भाऊ नसतो हो."

हे वाक्य बाळू गेल्यापासून मी कुणापुढं बोलले नव्हते. ह्यांच्यापुढंसुद्धा नाही. आणि बोलले तेही असं, जणू दुसऱ्याच कुणा बाईचं सांगतेय.

नानांनी माझ्याकडं बघितलं. दोऱ्याच्या डब्याकडं नाही, कपांकडं नाही, माझ्याकडं. मग खिशातून फडकं काढलं आणि हाताचं एकेक बोट पुसलं. पुसता पुसता काहीतरी म्हणाले. पण त्या मेल्या जनरेटरच्या आवाजात मला कुठं ऐकू येतंय? ज्या शब्दासाठी मी माणसाचा चहा तोडला होता, तो आला आणि मला ऐकूच आला नाही. मी कानाला हात लावून खूण केली, काय?

नानांनी श्वास घेतला आणि मोठ्यानं सांगितलं, "मी हाय की, ताई. मी उभा ऱ्हातो."

मी पदर तोंडाला लावला आणि मागं वळून चालायला लागले. नाना माझ्या मागोमाग आले.

मनीला घेऊन ते मांडवात आले तेव्हा माइकवाल्यानं मामांचं नाव विचारलं. नाना गोंधळले. मनी मुंडावळ्यांआडून म्हणाली, एखादामामा. त्या गृहस्थानं ते जसंच्या तसं घेतलं आणि सगळ्या मांडवाला सांगितलं, नवरीचे मामा, ओतूरचे प्रतिष्ठित नागरिक श्री. एखादे मामा यांचं स्वागत असो. लोक हसले, मनीही हसली. माझ्या डोळ्यांना तर धारच लागली होती, आणि मी ती पुसलीसुद्धा नाही.

दुसरी मंगलाष्टक चालू असताना जनरेटर बंद पडला. माइक गेला, पंखे थांबले. सगळ्यांच्या माना नानांकडं वळल्या. बंद पडलेली मोटार बघून नाना कधी जागेवर राहिलेत असं मी पाहिलं नव्हतं. जेवता जेवता उठून जायचे, खरकट्या हातानं. त्यांचा एक पाय उचललेला मी पाहिला. माइकवाला खुणा करत होता. नानांनी तो पाय परत जागेवर ठेवला, मनीच्या मागं ताठ उभे राहिले आणि समोर बघत राहिले. सदऱ्याच्या बाहीला ऑइलचा डाग, डोळ्यांतून पाणी. गुरुजींनी उरलेल्या मंगलाष्टका माइकशिवाय म्हटल्या. भावी सरपंचांचं दुसऱ्यांदा स्वागत राहून गेलं. लोकांनी अक्षता टाकल्या, हार घातले गेले, आणि मग कुठं नाना जनरेटरकडं गेले.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर नाना सुधारले. छे. दोन दिवसांनी गाळा उघडला तेव्हा पायरीवर बसून म्हणाले, एखाद्याला आता चहा लागतो. मी आधण ठेवलं. म्हटलं, एखादीला पण लागतो. मनीचा दुकानाच्या फोनवर फोन आला की मी आवाज द्यायची, नाना, एखाद्याला फोन आलाय, आणि ते हातातली तार टाकून धावत यायचे. तो सदरा त्यांनी धुऊन घडी करून ठेवलाय. ऑइलचा डाग निघाला नाही. मी नवीन बाही लावून देते म्हटलं, तर नको म्हणाले.

त्या वर्षी दिवाळी उशिरा आली. भाऊबीजेच्या सकाळी कुणी गिऱ्हाईक चुकून आमच्या ओळीत आलं असतं, तर त्याला तसंच परत जावं लागलं असतं. सगळ्या गाळ्यांची शटर खाली होती, आमची दोन्हीसुद्धा.